तोच सूर, दुसरा रंग

आज पियानोच्या क्लासमध्ये पोलिश संगीतकार शोपॅंची 'रेनड्रॉप' प्रिल्यूड (पियानोची छोटी रचना) वाजवताना क-ख-क ही त्रिभागी रचना पहिल्यांदा हाताला कळली. ओपस २८ या त्याच्या संचातली ही पंधरावी प्रिल्यूड, १८३९ मध्ये छापलेली. क म्हणजे सुरुवात, ख म्हणजे वेगळा मधला भाग, मग पुन्हा क, एवढी व्याख्या मला पाठ होती. स्थायी, अंतरा, परत स्थायी असं आपल्या कानाला सवयीचंही आहे.

पण आज सरांनी एकाच काळ्या पट्टीवर बोट ठेवायला सांगितलं. पहिल्या भागात, डी फ्लॅट मेजर या स्वरश्रेणीत, ती ए फ्लॅट असते, डाव्या हातात हळूच टपटपत राहते. मधला भाग सी शार्प मायनर या दुसऱ्या स्वरश्रेणीत जातो आणि तीच पट्टी जी शार्प म्हणून लिहिलेली असते. आता ती उजव्या हातात येते, आणि खाली डाव्या हातात खर्जातली जड चाल सुरू होते. पट्टी तीच, पण अंगावर काटा आला!

मग घरी येऊन बार, म्हणजे स्वरलिपीतले तालाचे छोटे खंड, मोजले. पहिला भाग २७, मधला ४८ आणि शेवटी परतणं फक्त १४ बारांचं. म्हणजे सगळं जसंच्या तसं परत येतच नाही. मूळ धून येते, जरा वेळ थांबते, मध्येच उजव्या हाताचा एक एकटा सूर वर उमटतो, आणि संपतं. त्या जागी मी आज चार वेळा थांबले. उद्या पुन्हा तिथूनच सुरू करणार आहे.