‘बेड गेलाय’ म्हणण्याआधी: एक जुना लेथ मार्गी लावताना

वापरलेला छोटा सेंटर लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून कापणारं मशीन, घरी आणला की कोणी ना कोणी येऊन हात फिरवतो आणि निकाल देतो, “बेड गेलाय याचा.” बेड म्हणजे मशीनचा लांब पाया, ज्याच्यावर बाकीचे भाग सरकतात. मलाही तो निकाल मिळाला, आणि देणारे लोक आयुष्यभर लेथवर उभे राहिलेले होते. कारणंही समोर होती. चकमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या पकडीत, धरलेला जॉब (कापायचा तुकडा) एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक येत होता. जॉब तोडून वेगळा करणारं पार्टिंग टूल लावलं की अख्खं मशीन थरथरायचं. टूल आडवं सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडचं हँडल जवळजवळ पाव फेरा नुसतंच फिरायचं. बेड ग्राइंड करून घ्या, नाहीतर मशीन भंगारात द्या, असा सल्ला मिळाला.

मी दोन्ही केलं नाही, कारण तोवर कोणी काही मोजलंच नव्हतं. आता हे काम पूर्ण केल्यावर माझं मत पक्कं झालंय: जुन्या मशीनमध्ये झिजेचा संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. आधी घाण, मग ढिलाई, मग बेडचा पीळ. हे तिन्ही निस्तरल्यावर जे उरतं, तेवढीच खरी झीज.

सुरुवात साफसफाईपासून. प्लग बोर्डातून काढून डोळ्यांसमोर ठेवला. नुसतं बटण बंद करून चक किंवा पट्ट्यात हात घालू नये. प्रत्येक बोल्ट सोडण्याआधी मोबाइलवर फोटो, आणि सुटलेले स्क्रू डब्यात, डब्यावर टेप लावून नाव. सॅडल (बेडवर सरकणारा, टूल वाहणारा भाग), क्रॉस स्लाइड, कंपाउंड (तिच्यावरची छोटी स्लाइड), टेलस्टॉक (जॉबला दुसऱ्या टोकाला आधार देणारा भाग) आणि चक एवढंच उतरवलं. हेडस्टॉकमधल्या स्पिंडलला, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्याला, हात लावला नाही. बेअरिंग नीट असतील तर ती उघडून फायदा काहीच नाही, आणि नीट आहेत की नाहीत हे न उघडता मोजता येतं.

सॅडल उलटं केलं तेव्हा निम्मं दुखणं तिथेच दिसलं. खालच्या बाजूला तेल पसरावं म्हणून चर कोरलेले असतात. ते चर काळ्या, मेणासारख्या घट्ट लगद्याने बुजलेले होते. जुनं तेल, ग्रीस आणि बिडाची (ओतीव लोखंडाची) बारीक भुकटी एकजीव होऊन बसलेली. वरून तेलाच्या भोकात कितीही तेल घातलं तरी ते स्लाइडवेपर्यंत, म्हणजे सरकण्याच्या पृष्ठभागांपर्यंत, पोहोचतच नव्हतं, बाजूने ओघळून जात होतं. भोकात थोडं रॉकेल सोडलं, ते मुरू दिलं आणि पितळेची बारीक तार हळूहळू आत-बाहेर केली. आधी काळं पाणी आलं, मग लगद्याची एक गुठळी सुटली, आणि पुढच्या तेलाच्या थेंबांसरशी चराच्या दोन्ही टोकांना तेल पाझरलं. लोखंडाची तार मुद्दामच घेतली नाही, भोकाच्या तोंडाशी ओरखडे पडले तर तिथेच पुन्हा घाण अडकते.

बेडवर गंजाचे डाग होते. अशा वेळी हात आपसूक पॉलिश पेपरकडे जातो. तो स्लाइडवेवर वापरू नका. त्याचे कण बिडात रुतून बसतात आणि नंतर सॅडल त्याच कणांवर घासत राहतं. रॉकेल, चिंधी आणि भरपूर तेल लावून बारीक ऑइलस्टोन सपाट धरून फिरवायचा, तोही वर आलेले ठोक्यांचे उंचवटे बसवण्यापुरता. काळा डाग राहिला तर राहू द्यावा, डागाने माप चुकत नाही.

चक काढताना बेडवर लाकडी फळी टाकली. चक निसटला तर बेडला खड्डा पडतो आणि बोटं मधे असली तर बोटंही जातात. तीन जबड्यांवर 1, 2, 3 असे आकडे असतात. जबडे सरकवणाऱ्या आतल्या स्क्रोलमध्ये (चक्राकार आट्यात) कीस ठासून भरला होता. तो ब्रशने काढला, मग स्क्रोलचं टोक पहिल्या खाचेत दिसताच 1 नंबरचा जबडा, पुढच्या खाचेत 2, मग 3, असे परत घातले. बॅकप्लेट (चक ज्यावर बसतो ती चकती) आणि चक यांच्या मधे एक चिप चेपून बसली होती, नखाला जेमतेम लागेल एवढी. ती काढल्यावर चकमधला आऊट (फिरताना जॉबचं मध्यापासून हलणं) 0.15 मि.मी.वरून 0.06वर आला. तीन जबड्यांच्या चकसाठी हे ठीकच आहे. यापेक्षा अचूक हवं असेल तर चार जबड्यांच्या चकमध्ये डायल लावून जॉब सेंटर करायचा.

मग ढिलाई. टूलपोस्टला (टूल धरणाऱ्या भागाला) डायल इंडिकेटर (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं साधन) टेकवला आणि टूलपोस्ट हाताने मागे-पुढे ओढून पाहिलं. काटा दहा शतांश मिलिमीटरच्या वर हलला. इतकी मोकळी स्लाइड असेल तर कुठलंच टूल शांतपणे कट घेणार नाही. गिबच्या (स्लाइडमधली फट भरणाऱ्या पट्टीच्या) एकेका स्क्रूचा लॉकनट सैल करायचा, स्लाइड अडेपर्यंत स्क्रू आवळायचा, मग किंचित सोडायचा, आणि लॉकनट लावताना स्क्रू दुसऱ्या हाताने धरून ठेवायचा, नाहीतर नटासोबत तोही फिरतो. हँडल फिरवताना सगळीकडे सारखा, हलका विरोध जाणवला पाहिजे. माझ्या स्लाइडला मधे व्यवस्थित बसवलं तर दोन्ही टोकांना ती जड जायची. ही मात्र खरी झीज, कारण मधला भागच जास्त वापरला जातो. टोकांना जेमतेम सरकेल एवढ्यावर ठेवून पुढे गेलो.

क्रॉस स्लाइडच्या पाव फेऱ्याच्या बॅकलॅशचं (नुसत्याच फिरण्याचं) खापर सगळे ब्राँझच्या नटावर फोडत होते. डायल लावून पाहिलं तर त्यातला अर्धा भाग नटाचा नव्हताच. हँडलमागच्या कॉलरशी अख्खा स्क्रूच पुढे-मागे सरकत होता. डायलमागचा नट आवळून पुन्हा लॉक केला आणि ढिलाई निम्मी झाली. उरलेली नटाची आहे, पण टर्निंगला ती आड येत नाही. माप ओलांडलं तर हँडल अर्धा फेरा मागे न्यायचं आणि पुन्हा पुढे येत मापावर थांबायचं.

आता टेपर, म्हणजे जॉब एका टोकाला जाड येणं, ज्याच्यावरून बेडला नावं ठेवली गेली. इथे घाई करू नये, कारण टेपर येण्याची कारणं अनेक आहेत आणि एकाचा दोष दुसऱ्याच्या स्क्रूने झाकता येतो. मी साधारण 25 मि.मी. जाडीचा बार चकमध्ये धरला, 150 मि.मी. बाहेर ठेवला, टेलस्टॉक लावलाच नाही. मधला भाग थोडा उतरवून दोन टोकांना दोन कॉलर ठेवल्या. मग धारदार एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने, अगदी हलका, दोन्ही कॉलरवर एकाच सेटिंगने कट घेतला. मायक्रोमीटरवर टेलस्टॉककडची कॉलर 0.08 मि.मी. जाड निघाली. टूल त्या टोकाकडे जाताना जॉबपासून दूर सरकत होतं.

मशीन ज्या स्टँडवर होतं त्याचा वरचा पत्रा सपाट नव्हता आणि पायांचे बोल्ट गच्च आवळलेले होते. बीड दिसायला कितीही दणकट असलं तरी चार कोपऱ्यांतला एक खाली खेचला की बेडला पीळ पडतो. बोल्ट सैल करताच टेलस्टॉककडच्या पुढच्या पायाखाली फट दिसली, फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचं) पान सहज आत गेलं. तो कोपरा खाली ओढला गेल्यामुळे बेडचा वरचा भाग माझ्याकडे कलत होता आणि सेंटरच्या उंचीवरचं टूल जॉबपासून लांब जात होतं. उपाय त्याच्या उलट: टेलस्टॉकच्या बाजूला जॉब जाड येत असेल तर त्या बाजूच्या पुढच्या पायाखाली शिम (पातळ पत्र्याचा तुकडा), बारीक येत असेल तर मागच्या पायाखाली. पितळी शिम घातली, बोल्ट थोडे थोडे आलटून पालटून आवळले, पुन्हा कट घेतला, पुन्हा मोजलं. फरक 0.01 मि.मी.वर आला तेव्हा थांबलो.

मीटरला 0.02 मि.मी. फरक दाखवणारी प्रिसिजन लेव्हल असेल तर काम लवकर होतं. ती बेडवर आडवी ठेवून दोन्ही टोकांचं वाचन सारखं करायचं. बुडबुडा अगदी मधोमध आलाच पाहिजे असं नाही. जहाजांवरही लेथ चालतात आणि तिथे काहीच समतल नसतं. बेडला पीळ नसणं महत्त्वाचं.

टेलस्टॉकचं सेंटर (जॉबला आधार देणारं टोक) मी यानंतरच जुळवलं. दोन सेंटरमध्ये बार धरून कट घेतला आणि टेलस्टॉकचे बाजूचे स्क्रू फिरवून टेपर काढला. हा क्रम उलटा केला, तर दोन सेंटरमधला जॉब सरळ येतो पण चकमधला वाकडाच राहतो, आणि मग माणूस बेडला दोष देतो.

थरथर उरली होती. स्पिंडलच्या नाकावर डायल लावून लाकडी दांड्याने स्पिंडल वर उचलून पाहिला, काटा 0.03 मि.मी. हलला. टेपर रोलर बेअरिंग होती, मागचा नट जरासा आवळला, मशीन बराच वेळ चालवलं आणि मधेमधे हेडस्टॉकवर तळहात ठेवून पाहिला. कोमट राहिलं. हात ठेववत नसेल तर नट जास्त आवळला गेलाय, लगेच सैल करा. पट्टाही बदलला. मशीन वर्षानुवर्षं बंद राहिलं की व्ही-बेल्ट पुलीच्या आकारात वाकून बसतो आणि प्रत्येक फेऱ्याला धक्का देतो. कड्या जोडून बनवलेला लिंक बेल्ट घातला, तो स्पिंडल न काढता बसतो आणि कंपही कमी करतो.

टूलची उंची तपासायची एक जुनी युक्ती इथे कामी आली. टूलचं टोक आणि गोल जॉब यांच्यामध्ये पातळ स्टीलची पट्टी हलकेच धरायची, अर्थातच मशीन बंद असताना. पट्टी उभी राहिली तर टूल सेंटरवर. तिचं वरचं टोक आपल्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर. माझं पार्टिंग टूल वर होतं. खालची पॅकिंग कमी केली, टूल कमीत कमी बाहेर ठेवलं, आणि फेरे उतरवले. 25 मि.मी.च्या माइल्ड स्टीलला एचएसएस टूलने टर्निंग करताना मिनिटाला 320च्या आसपास फेरे चालतात, पार्टिंगला मी त्याच्या निम्म्याच्याही खाली ठेवतो. आता चिप गुंडाळी होऊन सलग बाहेर येते.

धारेबद्दल थोडंसं. एचएसएसला साधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा दगड चालतो आणि मधेमधे पाण्यात बुडवलं तरी बिघडत नाही. कार्बाइडच्या टूलला हिरवा सिलिकॉन कार्बाइड किंवा डायमंड लागतो, आणि गरम कार्बाइड पाण्यात बुडवलं तर त्याला तडे जातात. नवा दगड बसवण्याआधी लाकडी दांड्याने हलकेच वाजवून पाहा. खणखणीत वाजला नाही तर तो ग्राइंडरवर चढवू नका. टूलरेस्ट आणि दगड यांतली फट 3 मि.मी.पेक्षा जास्त नको, आणि सुरू करताना दगडासमोर उभं राहू नये.

तेलाच्या बाबतीत मी हट्टी आहे. स्लाइडवेला आयएसओ 68 ग्रेडचं स्लाइडवे ऑइल, स्पिंडलला मशीनच्या पाटीवर लिहिलेलं असेल तेच. स्लाइडवेवर ग्रीस नको, त्यात कीस चिकटतो. डब्ल्यूडी-40 हे 1953 साली पाणी हटवून गंज रोखण्यासाठी बनवलं गेलं. साफसफाईला उत्तम, पण स्लाइडवेच्या वंगणाची जागा ते घेत नाही. हवेचा पाइप मारून कीस उडवू नये, तो वायपरच्या (कीस अडवणाऱ्या पट्टीच्या) आत शिरतो आणि डोळ्यातही जातो. ब्रश आणि आकडा (हुक) पुरे. चालू मशीनवर हातमोजे, अंगठी, लोंबती बाही नको, आणि चकची किल्ली चकमध्ये सोडून हात कधीही बाजूला करू नये.

जुन्या मशीनसोबत गिअरचा खोका आला असेल तर तो नीट चाळा. माझ्या खोक्यात 127 दातांचा मोठा गिअर निघाला आणि मला फार आनंद झाला. लीड स्क्रू (आटे पाडताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू) इंचात 8 आट्यांचा आहे. 1959च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार एक इंच म्हणजे नेमके 25.4 मि.मी., आणि त्याची पाचपट बरोबर 127. त्यामुळे 60 दातांनी 127 दात फिरवले की 1.5 मि.मी. पिचचा आटा कुठलीही चूक न राहता पडतो. मात्र असा आटा पाडताना हाफ नट (सॅडलला लीड स्क्रूशी जोडणारा) सोडायचा नाही. टूल बाहेर घेऊन मशीन उलटं फिरवून परत यायचं, आणि चक आट्यांवर बसणारा असेल तर तो उलट्या फेऱ्यात सुटणार नाही याची काळजी घ्यायची.

उरली ती झीज. चकजवळचा बेडचा भाग खरंच थोडा खाली गेलाय. पण हिशेब करून पाहा: 25 मि.मी.च्या जॉबवर टूल 0.05 मि.मी. खाली उतरलं तर व्यासात फरक पडतो जेमतेम 0.0002 मि.मी.चा. तेच टूल 0.05 मि.मी. आडवं सरकलं तर व्यास 0.1 मि.मी.ने बदलतो. म्हणून उभी झीज फारशी जाणवत नाही, आणि ज्याने टूल आडवं सरकतं तो पीळ आधी शोधायचा.

दोन कॉलरचा तो बार मी मोडीत काढला नाही. त्याच्यावर शेवटची मापं आणि तारीख चिकटवून ठेवली आहे. मशीन जागेवरून हललं किंवा स्टँडचे बोल्ट आवळावे लागले की पुन्हा एक हलका कट घेऊन ताडून पाहतो.