माद्रिदमध्ये इसापासमोर अख्खी सकाळ

टोलेडो, राजवाडा, चुरोस सगळं झालं, मस्त झालं, पण मला लिहायचंय ते प्रादो म्युझियममधल्या एका सकाळबद्दल.

वेलास्केस या स्पॅनिश चित्रकाराने १६३८च्या सुमारास रंगवलेला इसाप तिथे आहे. आपला इसापनीतीवाला. अंगात ढगळ तपकिरी झगा, हातात जाडजूड पुस्तक, चेहरा दमलेल्या हमालाचा. समोर इझल लावून एक बाई फक्त डोक्याची कॉपी करत होती, परवानगी काढून तिथे तसं करता येतं, आणि मी तिच्या मागे जी उभी राहिले ती नवरा बाकीचं म्युझियम बघून आला तरी तिथेच.

पॅलेटवर रंग किती? पांढरा, काळा, यलो ऑकर म्हणजे मातकट पिवळा, एक विटकरी लाल आणि अंबर (umber) म्हणजे गडद मातकट तपकिरी. बास. कातडीतला तो गार करडेपणा नुसत्या काळ्या-पांढऱ्यातून येत होता, शेजारी लाल लागला की तोच करडा चक्क निळसर दिसायचा!

डोळे तिने आधी काढलेच नाहीत. अंबरमध्ये सावलीचा एकच मोठा आकार, मग डोळे किलकिले करून मूळ चित्राकडे बघायचं, मागे जायचं, एक स्ट्रोक, परत मागे. सावलीकडचा डोळा काय सुरेख उतरला होता, आणि तिने चिंधी घेऊन तो सरळ पुसून टाकला. माझ्या पोटात गोळाच आला. मग मूळ चित्र नीट बघितलं तर तिथे पापणीची कड सावलीत विरून गेलेली. तिचा डोळा सुरेख होता पण इसापाचा नव्हता.

आपल्याकडे कॉपी म्हटलं की लोक नाक मुरडतात, मला ते अजिबात पटत नाही. पोर्ट्रेटसाठी गाजलेला अमेरिकन चित्रकार सार्जंटसारखा माणूस १८७९ मध्ये, २३ वर्षांचा असताना, इथे येऊन वेलास्केसच्या कॉप्या करत होता. फोटोवरून पोर्ट्रेट करताना सगळंच सारखं शार्प दिसतं, काय सोडून द्यायचं ते फोटो सांगत नाही, ते अशा चित्रापुढे ब्रश घेऊन बसल्यावरच हाताला कळतं.

प्रादोत फोटो काढू देत नाहीत आणि फार बरं करतात, लोक निदान चित्रं तरी बघतात. संध्याकाळी सहानंतर फुकट सोडतात, पण त्यासाठी नका जाऊ प्लीज, रांगेतच जीव जातो आणि आत जेमतेम दोन तास. आम्ही गेलो तेव्हा तिकीट १५ युरो होतं, ते काढा, सकाळी उघडल्या उघडल्या जा आणि लास मेनिनास या वेलास्केसच्याच सगळ्यात प्रसिद्ध चित्रापुढच्या गर्दीत शिरायच्या आधी इसापाला भेटा. पाय दुखतील, दुखू देत.