मशीन पडलं, म्हणजे पास?

परवा रात्री साडेदहाला आमच्या टीममधल्या मुलाचा मेसेज आला: "दोन्ही टेस्टला कर्नल पडला. दोन्ही पास धरू ना?" मी त्याला लिहिलं, थांब, आधी सिरीयल कन्सोलचा (मशीनचे मेसेज थेट केबलवरून दाखवणाऱ्या पडद्याचा) लॉग पाठव.

एका पुरवठादाराकडून आलेला तयार लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, आम्ही तपासत होतो. ६४ बिटी एक्स८६चा छोटा गेटवे आहे, कारखान्यात बसणार आहे. सोबतच्या रिपोर्टमध्ये स्टॅक प्रोटेक्टर (बफर ओव्हरफ्लो पकडणारी सोय) चालू, टेस्ट सगळ्या हिरव्या. हिरव्या खुणांवर माझा विश्वास नाही. बफर ओव्हरफ्लोपासून, म्हणजे राखलेल्या जागेबाहेर डेटा लिहिला जाण्यापासून, संरक्षण आहे म्हणता, तर ओव्हरफ्लो करून दाखवा.

त्यासाठी लिनक्समध्येच एलकेडीटीएम नावाचं मॉड्यूल आहे. मुद्दाम गैरवर्तन करणं हेच त्याचं काम. डीबगएफएस या डीबगिंगसाठीच्या फाइल सिस्टीममधल्या 'प्रोव्होक-क्रॅश' फोल्डरमध्ये 'डायरेक्ट' नावाची फाइल असते, तिच्यात टेस्टचं नाव लिहायचं की कर्नल ती चूक स्वतःवर करून घेतो.

पहिली टेस्ट 'करप्ट स्टॅक'. ८ बाइटचा कॅरेक्टर अ‍ॅरे, आणि त्यात ६४ बाइट ओतायचे, सगळे एफएफ (म्हणजे प्रत्येक बिट १). अ‍ॅरे आणि परतीचा पत्ता (फंक्शन संपल्यावर कुठे जायचं तो) यांच्या मध्ये कंपायलरने कॅनरी, म्हणजे पहाऱ्याचा एक यादृच्छिक आकडा, ठेवलेली असते. फंक्शन संपताना ती जशीच्या तशी आहे का ते बघितलं जातं, नसेल तर तिथेच पॅनिक, म्हणजे कर्नल स्वतःहून थांबतो. या कॅनरीतली मला फार आवडणारी गोष्ट म्हणजे तिचा सगळ्यात खालचा बाइट मुद्दाम शून्य ठेवतात. सी भाषेतली स्ट्रिंग शून्यावर संपते, त्यामुळे कुणी स्ट्रिंग वाचता वाचता कॅनरीपर्यंत पोचलाच, तर वाचन तिथेच थांबतं आणि बाकीचे बाइट फुटत नाहीत. त्यासाठी ६४पैकी ८ बिटांची यादृच्छिकता सोडून दिली, ५६ उरली. मला हा सौदा पटतो.

दुसरी टेस्ट तशीच, नावाला 'स्ट्राँग' जोडलेली. तिच्यात कॅरेक्टर अ‍ॅरेच नाही, शॉर्ट आकड्यांचा अ‍ॅरे आणि पॉइंटर यांचं युनियन (दोघांना एकच जागा) आहे. जुना स्टॅक प्रोटेक्टर फक्त ८ किंवा जास्त बाइटचे कॅरेक्टर अ‍ॅरे बघतो, बाकीच्या फंक्शनांत कॅनरी घालतच नाही. 'स्ट्राँग' प्रकार जीसीसी ४.९ बरोबर २०१४ साली आला. तो कुठलाही अ‍ॅरे असलेली, किंवा लोकल व्हेरिएबलचा पत्ता घेणारी फंक्शनंही धरतो.

लॉग आला. पहिल्या टेस्टला हवी तीच ओळ होती: स्टॅक प्रोटेक्टर, कर्नल स्टॅक बिघडला, शेवटी फंक्शनचं नाव. दुसऱ्या टेस्टला पॅनिक नव्हताच, होता पेज फॉल्टचा (नसलेल्या पत्त्याला हात लावल्याचा) ऊप्स, म्हणजे कर्नलने नोंदवलेली चूक. आणि इन्स्ट्रक्शन पॉइंटरच्या (पुढची सूचना कुठे आहे तो पत्ता) जागी सलग सोळा एफ.

ते सोळा एफ बघून पोटात गोळा आला. म्हणजे फंक्शन आम्ही लिहिलेल्या पत्त्यावर परतलं होतं! तिथे काही नव्हतं म्हणून अडखळलं. हल्लेखोर एफएफ लिहीत बसत नाही, त्याने कामाचा पत्ता लिहिला असता आणि लॉगमध्ये एक ओळही उमटली नसती. शिवाय कर्नल पडलाही नव्हता. ऊप्सने फक्त ती शेल मारली, आमच्या मुलाचं एसएसएच (दुरून जोडलेलं कनेक्शन) तुटलं आणि त्याला वाटलं मशीन गेलं. कन्सोलवर पुढचे मेसेज शांतपणे येत होते.

कॉन्फिग उघडली. स्टॅक प्रोटेक्टर 'वाय', स्ट्राँग 'सेट नाही'.

मग हिरव्या खुणा कुठून आल्या? कर्नलच्या सेल्फटेस्टच्या यादीत या दोन्ही टेस्टपुढे # असतो, कारण यशस्वी झाल्या तर अख्खी सिस्टीम पडते. स्क्रिप्ट त्या वगळते. ते योग्यच आहे, पण न चालवलेली टेस्ट हिरवी दाखवणं योग्य नाही, आणि पुरवठादाराला मी हे स्पष्ट शब्दांत कळवलंय.

काल आम्ही स्ट्राँग चालू करून कर्नल पुन्हा बांधला. आता प्रत्येक टेस्टला क्यूएमू या एम्युलेटरमध्ये नवं मशीन उठतं, सिरीयल लॉग जपला जातो, आणि नेमकी ओळ सापडली तरच पास. रात्री त्याच मुलाचा मेसेज आला. या वेळी प्रश्न नव्हता, लॉगमधली एकच ओळ होती: स्टॅक प्रोटेक्टर, कर्नल स्टॅक बिघडला, फंक्शन करप्ट स्टॅक स्ट्राँग.