दंडावरचा वाघ

आज धाकट्याला घेऊन सोलापुरात सात रस्त्याला टॅटूवाल्याकडे गेले होते. त्याला दंडावर मोठा वाघ हवा होता. अरे, तू सैन्यभरतीसाठी रोज पहाटे पळायला जातोस ना? सैन्यात सर्वसाधारण उमेदवाराला कायमचा टॅटू चालतो तो फक्त कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला, नाहीतर तळहाताच्या मागे. दंडावर नाही. मोबाईलवर नियम वाचून दाखवला तेव्हा पोरगं एकदम गप्प झालं. सुई लागायला दहा मिनिटं उरली होती हो!

मी तीन वर्षांपूर्वी मनगटावर आईचं नाव असंच घाईत गोंदवून घेतलं. वेलांटी चुकली. आधी कागदावर लिहून मागायचं सुचलंच नाही. लेसरने पुसायला कितीतरी खेपा घालाव्या लागतात, त्यात काळी शाई जरा लवकर फिकी होते. माझी हिरवी आहे. आईचं नाव असलेला हात झाकावा लागतो, हे फार लागतं मनाला.

वाघाची प्रिंट काढून त्याच्या कपाटावर चिकटवलीय. जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत रोज बघ म्हटलं. तेव्हाही हवाच असेल तर नियमात बसेल त्या जागी, मी स्वतः घेऊन जाईन. आजीच्या हातावरची तुळस त्याच जत्रेत गोंदलेली आहे.