तुम्ही विचारलंत म्हणून : कार्डं करायला कुठलं किट घेऊ?

“ताई, हाताने शुभेच्छापत्रं करायला सुरुवात करायचीय. कुठलं किट घेऊ?” दिवाळीच्या महिनाभर आधी हा प्रश्न यायला लागतो आणि संक्रांत होईपर्यंत येत राहतो. सोबत बहुधा एका खोक्याचा फोटो असतो. पारदर्शक शिक्क्यांची भली मोठी शीट, सहा रंगांची इटुकली स्टॅम्पपॅडं, रिबिनीचं रीळ, चिकटवायचे मोती आणि ‘हॅपी बर्थडे’ चार वेगवेगळ्या वळणांत. किंमत हजाराच्या बरीच पुढे. खाली लिहिलेलं असतं, “घेऊन टाकू ना?”

नका घेऊ. कधीच नका असं नाही, पण पहिली खरेदी म्हणून नको. त्याच पैशांत काळ्या शाईचं एक उत्तम पॅड, जाड गुळगुळीत कागदाचा एक गठ्ठा आणि एकच शिक्का आणा. दोन-तीन महिने तेवढ्यावर काढा. मग किट लागेल की नाही, आणि लागलंच तर कुठलं, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

असं का म्हणते? किट बनवणाऱ्याला खोकं उघडताक्षणी भरगच्च दिसायला हवं असतं. शिक्क्यांची संख्या वाढवायला फारसा खर्च येत नाही, मोती आणि रिबिनी तर किरकोळीत येतात. काटकसर होते ती शाईत आणि कागदात, कारण फोटोत या दोन्हींचा कस दिसत नाही. कार्डाचं रूप मात्र सगळं त्यांच्यावरच ठरतं. चांगल्या कागदावर चांगल्या शाईने उठवलेलं साधं पान बघत राहावंसं वाटतं. वाईट शाईने सुंदर गुलाबसुद्धा डागासारखा दिसतो, आणि बिचाऱ्या नव्या माणसाला वाटतं, आपला हातच चांगला नाही.

शाईचं आधी सांगते. शिक्क्यांच्या शाया मुख्यतः दोन जातींच्या. डाय इंक म्हणजे द्रवात विरघळलेला रंग. ती कागदात मुरते, बघता बघता वाळते, पण उजेडात राहिली तर काही काळाने फिकट होते. पिगमेंट इंकमध्ये रंगाचे बारीक कण असतात. ते कागदाच्या वर बसतात, म्हणून रंग गडद येतो आणि टिकतो. वाळायला मात्र वेळ लागतो. पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात सकाळी उठवलेला शिक्का संध्याकाळीही बोटाला लागतो. चकचकीत आर्ट कार्डावर तर ती वाळायची वाटच बघू नका. तिथे सॉल्व्हंट शाई लागते, तीच काच आणि प्लास्टिकवरही चालते.

नंतर आत रंग भरायचा असेल तर आणखी एक गोष्ट बघावी लागते. जलरंग भरणार असाल तर वाळल्यावर पाण्याने न फुटणारी शाई हवी, पॅडवर तसं लिहिलेलं असतं. अल्कोहोल मार्कर वापरणार असाल तर सॉल्व्हंट शाई नको, मार्कर तिच्या रेषा पुसत नेतो. किटमधल्या सहारंगी पॅडावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

“घरात ऑफिसचं जांभळं पॅड आहे, ते चालेल का?” सरावाला चालेल. ती शाई अशी बनवलेली असते की पॅड महिनोन्‌महिने सुकू नये. त्यासाठी तिच्यात ओल धरून ठेवणारं ग्लिसरीनच्या जातीचं द्रव्य घालतात. साध्या कागदावर ती पसरते. बारीक रेषा जाड होतात, पाकळीच्या शिरा एकमेकींत मिसळतात. पावतीवर ‘रोख मिळाले’ उठवायला ती झकास, मोगऱ्याला नाही.

पिगमेंट शाई सावकाश वाळते याचाच उपयोग करून घेणारी एक करामत आहे, आणि माझ्या मते या सगळ्या छंदातली सगळ्यात देखणी तीच. शिक्का ओला असतानाच त्यावर एम्बॉसिंग पावडर भुरभुरायची. जिथे शाई तिथे ती चिकटते, उरलेली कागद तिरका करून परत डबीत ओतायची. मग हीट गनने गरम केलं की पावडर वितळते आणि ती रेषा उंच, गुळगुळीत, चकाकती होऊन वर येते. गडद मेंदी रंगाच्या कागदावर सोनेरी पावडरीची कोयरी करून बघा, लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर दुसरं काही लागत नाही. केस वाळवायच्या ड्रायरने हे होत नाही. त्याची उष्णता पुरत नाही आणि वारा इतका की पावडर टेबलभर. हीट गन नसेल तर कागद उलट्या धरलेल्या गरम इस्त्रीच्या थोडा वर धरून मागून ऊब द्यायची. जमतं, पण बोटं सांभाळा आणि मुलांना लांब ठेवा. नको तिथे पावडरीचे कण चिकटतात ते थांबवायला शिक्का उठवायच्या आधी कागदावरून टाल्कम पावडरीचा अगदी कोरडा हात फिरवायचा.

चमकी मात्र मी वापरत नाही. ती कार्डाबरोबर जाते थोडी, घरात राहते फार. आमच्याकडे एकदा आमटीत सापडली, तेव्हापासून बंद.

आता कागद. दुकानात नुसतं ‘कार्डशीट द्या’ म्हणू नका, जीएसएम विचारा, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. कार्डाच्या मुख्य घडीला २५० ते ३०० जीएसएमचा आयव्हरी किंवा तसाच गुळगुळीत, चकाकी नसलेला कागद लागतो. त्याहून पातळ असला तर कार्ड उभं राहत नाही, घरच्या पंख्यात लगेच आडवं होतं. ए-फोरचे मधोमध दोन तुकडे केले की दोन ए-फाइव्ह मिळतात. त्यातला एक दुमडला की १०५ बाय १४८ मिलिमीटरचं कार्ड, आणि ते सी-सिक्स पाकिटात नेमकं बसतं. एका शीटमध्ये दोन कार्डं, वाया काही नाही. परदेशी किटं इथे हमखास अडतात. त्यांचं माप अमेरिकेतल्या साडेआठ बाय अकरा इंची कागदावर बेतलेलं असतं, घडी घातलेलं कार्ड सव्वाचार बाय साडेपाच इंच. आपल्या पाकिटात ते खुळखुळतं, आणि त्या मापाचं पाकीट आपल्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत मिळत नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या वाचकांनी हे सोडून द्यावं, त्यांना उलटी अडचण आहे.

घडी घालण्याआधी रेघ ओढून घ्या. त्यासाठी हाडाची पट्टी विकत मिळते, पण शाई संपलेलं बॉलपेन तितकंच काम करतं: फूटपट्टी धरायची आणि दाबून एक ओळ ओढायची. कागदातल्या तंतूंना एक दिशा असते. शीट दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा, ज्या बाजूने ती निमूट वाकते त्या दिशेने घडी सुबक पडते. उलट घातलीत तर कडेला कागद फुटतो, आणि गडद रंगाच्या कागदात तो पांढरा फाटका काठ लांबूनही दिसतो.

हातकागदाचा मोह सगळ्यांनाच होतो, मलाही. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासूनची हातकागद संस्था आहे, सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला तिथला कागद हातात घेतला की ठेवावासा वाटत नाही. पण त्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो. बारीक नक्षीचा शिक्का त्यावर तुटक उठतो. त्याला ठसठशीत, भरीव आकार द्या, मोठं पान, सूर्य, मासा. नाहीतर शिक्का गुळगुळीत कागदावर उठवून कापा आणि हातकागदाच्या घडीवर चिकटवा. तसं कार्ड दुकानातल्या कुठल्याही कार्डापेक्षा श्रीमंत दिसतं.

आणि शिक्का? यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण किटमध्ये मिळत नाही असं एक इथेच आहे. मराठी. ‘हॅपी बर्थडे’, ‘थँक यू’, ‘मेरी ख्रिसमस’ यांनी खोकी भरलेली असतात. ‘शुभ दीपावली’ शोधायला जा, ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ शोधायला जा. सुट्या अक्षरांचे संच इंग्रजीला पुरतात, कारण एकाशेजारी एक अक्षर ठेवत गेलं की शब्द तयार. आपल्याला काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं आणि वरून सलग शिरोरेघ. सुट्या शिक्क्यांनी ‘दीपावली’ उठवलं की शिरोरेघेत फटी पडतात. अख्खा शब्द एकाच शिक्क्यावर हवा.

तो करून देणारा माणूस तुमच्या गावात आहे. कोर्टाच्या, कचेरीच्या आसपास बघा, ‘रबरी शिक्के करून मिळतील’ अशी पाटी असते. तो दिवसभर ‘खरी प्रत’ आणि ‘अध्यक्ष/सचिव’ करत असतो, तुमचं काम त्याला आवडतं असा माझा अनुभव. त्याला स्वच्छ काळ्या-पांढऱ्या रेषांचं चित्र द्या, करड्या छटा नकोत. आपल्या आजीच्या वळणात लिहिलेलं ‘अनेक आशीर्वाद’ असेल तर ते स्कॅन करून द्या. अक्षर फार बारीक करू नका, नाहीतर ‘ध’ आणि ‘घ’ यांची पोटं शाईने भरून दोघं सारखेच दिसतात. एकच सांगून ठेवा: शाई आतच भरलेला शिक्का नको, लाकडी मुठीचा साधा रबरी हवा. म्हणजे शाई तुमच्या पसंतीची वापरता येते.

स्वतः कोरायचा असेल तर खोडरबर घ्या, भुगा न पडणारं, मऊ, मोठं. सोबत लिनोवर कोरायची व्ही आकाराची पटाशी. चित्र उलटं कोरावं लागतं म्हणून लोक घाबरतात. गरज नाही. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने सुलटं लिहा, तो कागद खोडरबरावर पालथा ठेवून नखाने घासा. अक्षर आपोआप उलटं उतरतं. ठेवायचं ते ठेवा, बाकीचं कोरून काढा. रेषेच्या कडा बाहेरच्या बाजूला उतरत्या ठेवा, आतून पोखरल्या तर दाबताना रेषा कोसळते. शाळेत भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे केले असतील त्यांना हे नवीन नाही, फक्त हा ठसा दुसऱ्या दिवशी सुरकुतत नाही.

पारदर्शक शिक्केच घ्यायचे झाले तर फोटोपॉलिमरचे घ्या. स्वस्त किटांत बरेचदा सिलिकॉनचे असतात, त्यांच्यावर शाई थेंब धरून बसते. नवा शिक्का कुठलाही असो, पहिल्यांदा पांढऱ्या खोडरबराने वरून घासा. कारखान्यातला तेलकटपणा निघाला की शाई सारखी लागते. मोठ्या शिक्क्याला पॅडावर आपटू नका. शिक्का उताणा धरा आणि पॅडच त्याला कुंकवाचं बोट टेकवावं तसं हलकेच टेकवत जा. उठवताना सरळ दाबा, सरळ उचला. डुलवलात की कडांचे डाग उठतात. कागदाखाली माउसपॅड ठेवला तर सखल भागही उठतो. जयपूरजवळच्या बगरू-सांगानेरच्या कापडछपाईचे सागवानी ठसे जुन्या बाजारात मिळतात, त्यांनाही हीच खालची मऊ गादी लागते. शाईच्या पॅडापेक्षा त्यांना स्पंजने लावलेला ॲक्रिलिक रंग मानवतो, आणि तो वाळायच्या आत ठसा धुवावा लागतो.

पोस्टाचा विचार कार्ड करायला बसतानाच करा. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. २५० जीएसएमच्या ए-फाइव्हचं वजन आठेक ग्रॅम, पाकीट पाचेक. वर शिक्का उठवलेला एक थर चिकटवला की आणखी चार. इथवर ठीक. दुसरा थर, फोमच्या टिकल्या, रिबिनीची गाठ आली की टप्पा ओलांडला, जास्तीचं तिकीट लावा. नाहीतर पैसे ज्याला कार्ड पाठवलं त्याच्याकडून घेतात. बटणं आणि मोती पाकिटाला पोट आणतात, वरून टपालाचा शिक्का पडला की त्यांचा ठसा आतल्या मजकुरावर. पूर्वी संक्रांतीला कार्डात हलव्याचे चार दाणे पुडी करून घालत. अजूनही घाला, पण पुडी चपटी ठेवा आणि घडीपासून लांब, मधोमध चिकटवा.

राहिलं किट. दोन वेळा मी स्वतः विकत घेते. एक, आठ-दहा वर्षांच्या मुलांना वाढदिवसाला द्यायला, कारण त्यांना खोकं उघडण्यातच अर्धी मजा असते, आणि पॅडाची शाई धुऊन निघणारी आहे ना एवढंच मी पाहते. दुसरं, ज्यांना छंद नको, फक्त एकदा पंचवीस आमंत्रणं हाताने करायची आहेत त्यांच्यासाठी. त्यांनी सगळे तुकडे आधीच कापलेलं किट खुशाल घ्यावं, रविवारच्या एका दुपारीत काम होतं. दुकानात खोकं उलटं करून बघा. शाईची जात आणि कागदाचा जीएसएम मागे छापलेला असेल तर घ्या. नुसतं ‘१२० नग’ लिहिलेलं असेल तर परत फळीवर ठेवा आणि शिक्केवाल्याकडे जा. बहुतेक कचेऱ्यांबाहेरचे शिक्केवाले रविवारी बंद असतात, तेव्हा शनिवारी दुपारपर्यंत गाठा.