चांदीचा दात

आज एकदाची पोराच्या दाढेवर कॅप बसली. पोरगं निवांत झोपलंय, मी मात्र जागीच.

मागच्या आठवड्यात रात्री दोनला गाल धरून उठला तो पहाटेपर्यंत रडतच होता, लवंग धरली, पॅरासिटामॉल पाजलं, थोडा वेळ गप्प झाला की परत सुरू. खरं सांगायचं तर दाढेवरचा काळा ठिपका मला गणपतीतच दिसला होता. सासूबाई म्हणाल्या, "दुधाचाच दात हाय, पडंल की आपोआप, डॉक्टरला कशाला पैसं घालतीस." मलाही तेच ऐकायचं होतं बहुतेक. 

डॉक्टरांनी एक्सरे दाखवला, कीड पार दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेलेली. म्हणाल्या, दुधाच्या दाताचं वरचं कवच पातळ असतं आणि आतली नस मोठी, म्हणून कीड भराभर आत पोचते. आणि ही मागची दाढ पडते दहा-बारा वर्षांची झाल्यावर! हा आत्ता पाच वर्षांचा. आता काढली तर सहाव्या वर्षी मागून येणारी कायमची दाढ पुढं सरकते आणि दुधाच्या दाढेखालून येणाऱ्या नव्या दाताला जागाच उरत नाही, मग जागा राखायला तारेचं क्लिप बसवा. त्यापेक्षा रूट कॅनल करू, म्हणजे किडलेली नस काढून आतली जागा भरू, म्हणाल्या. एवढ्याशा पोराला रूट कॅनल? मला हसू आलं आणि रडूही.

पण मोठ्यांसारखं नसतं ते. आत विरघळणारी पेस्ट भरतात, कारण नवा दात वर येताना दुधाच्या दाताचं मूळ आपोआप झिजत जातं, मग पेस्टही विरघळायला पाहिजे ना. सुई देताना चेहरा बघवला नाही, मी नुसते त्याचे पाय धरून बसलेले. 

डॉक्टरांनी विचारलं, रात्री बाटली देता का? कोल्हापुरातल्या गंगावेशेतलं म्हशीचं दूध, वर दोन चमचे साखर, तीन वर्षांचा होईपर्यंत तोंडात बाटली घेऊनच झोपायचा. मान खाली घालून हो म्हटलं. ब्रश पण त्याचा तोच करायचा, म्हणजे पेस्ट खायचा.

कॅप स्टीलची आहे, पण घरी आल्यापासून आ करून सगळ्यांना दाखवतोय. आजोबा म्हणाले, "हुपरीसनं घडवून आणलास व्हय रं?" हुपरी म्हणजे आमच्याकडचं चांदीच्या दागिन्यांचं गाव. तेव्हापासून तो चांदीचा दात.

मघाशी तो झोपल्यावर मोबाईलचा टॉर्च मारून दुसऱ्या बाजूची दाढ बघितली. खाचेत काळं काहीतरी आहे. सोमवारी अपॉइंटमेंट घेणार, घरात कुणालाही न विचारता.