कांद्याआधी ऱ्हिओ

‘आठवी-नववीच्या मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा काय दाखवू?’ नव्याने जीवशास्त्र शिकवायला लागलेल्यांचा हा ठरलेला प्रश्न. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: कांद्याचा पापुद्रा पुढच्या तासाला ठेवा, आधी ऱ्हिओ या शोभेच्या झाडाचं पान दाखवा.

कांद्याशी माझं वैर नाही. पण त्याचा आतला पापुद्रा पारदर्शक. सॅफ्रानीन हा लाल रंग नीट चढला नाही की मुलं हवेचा बुडबुडाच पेशी समजून वहीत काढतात, तोही ठसठशीत काळ्या कडेसकट. आणि सगळं जमलं तरी दिसतात त्या चौकटी. रॉबर्ट हूकला १६६५ साली बुचाच्या कापात दिसल्या त्याच जातीच्या. पेशी जिवंत आहे, हे मुलांनी बाईंच्या शब्दावर मानायचं.

ऱ्हिओला रंग द्यावाच लागत नाही. पान तिरकं फाडलं की खालच्या बाजूचा जांभळा पापुद्रा सुटून येतो. तो काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरा आणि कव्हरस्लिप, म्हणजे वरची पातळ काच, एका कडेने हळूच टेकवा. शंभर पट मोठं करून पाहिलं की जांभळ्या पेशींमध्ये हिरव्या रक्षक पेशींच्या जोड्या उठून दिसतात. जोडीतली फट म्हणजे पर्णरंध्र.

आता पट्टी न हलवता कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा (अर्ध्या पेल्यात चमचाभर मीठ पुरे) आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावा. थेंब आत ओढला जातो. काही मिनिटांत जांभळा रंग पेशीच्या भिंतीपासून सुटून आत आक्रसतो, गडद होतो. रंग रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीत, असतो आणि तिच्यातलं पाणी बाहेर चाललेलं असतं. याला पुस्तकात रसद्रव्यकुंचन म्हणतात, पण तो शब्द फळ्यावर लिहायची घाई करू नका. लोणच्यात मीठ इतकं का घालतात, हे एखादं पोर आपणहून विचारतंच.

मग त्याच रीतीने साधं पाणी द्या. पेशी पुन्हा फुगतात. मीठ फार कडक झालं किंवा फार वेळ राहिलं, तर फुगत नाहीत. त्या मेलेल्या असतात. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून दाखवता आल्या तर फारच उत्तम.

पानाच्या रसाने काहींचे हात खाजतात, तेव्हा तासानंतर हात धुवायला लावा. रोपवाटिकेत नाव सांगून कळलं नाही, तर वरून हिरवं, खालून जांभळं, तलवारीसारखं पान म्हणा. तेही नसलं तर लाल कांदा आणा, पण त्याच्या पाकळीचा बाहेरचा, रंगीत पापुद्रा घ्या.